प्रवासाचीं पानें : दोघेंच, भूमध्य समुद्राच्या कांठीं

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला प्रवास म्हटला म्हणजे माणसांचा मेळाच डोळ्यांपुढें येतो. काशीयात्रा असो, पंढरीची वारी असो कीं कुलदैवताचें दर्शन असो. वडील मंडळी, मुलेंबाळें, एखादी आत्याबाई, शेजारच्या घरची एखादी काकू, फराळाचे डबे आणि वळकट्या अशा परिवारासह आपण निघतों व तसेच परत येतों. त्या प्रवासाची गोडी आम्ही जाणतों. परंतु नवराबायको दोघेंच घराबाहेर पडलीं आहेत, कोठें उतरावें, काय खावें, काय पाहावें आणि काय सोडून द्यावें हें त्या दोघांनींच ठरवावयाचें आहे, असा प्रसंग आपल्या कित्येक घरांत लग्नाला तीस वर्षें होऊन गेलीं तरी येत नाहीं. आम्हां उभयतांस तो यंदा प्रथमच आला. भूमध्य समुद्राच्या कांठच्या शहरांतून चौदा रात्रींचा प्रवास करून आम्ही परतलों, आणि त्याची वार्ता कळतांच वाचकभगिनींकडून जीं पत्रें आलीं, त्यांतल्या निम्म्या पत्रांत शहरांविषयीं एक अक्षर नसून, ‘घर कोणावर टाकून गेलांत?’ एवढाच मजकूर होता. तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर आधीं देऊं आणि मग आगबोटीवर चढूं.

आमच्या मातोश्रींचें वय पंच्याऐंशी. घरांत धाकटे बंधु, त्यांचें कुटुंब व त्यांचीं दोन मुलें. निघण्यापूर्वीं दोन महिने एका रविवारीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी एकत्र बसलीं आणि मातोश्रींचीं औषधें, डॉक्टरांकडील फेरी, बँकेचीं कामें, श्रावणांतले दोन सण या सर्वांची वांटणी कागदावर लिहून काढली. जें काम तोंडी राहतें तें एकट्या सुनेच्या पदरांत पडतें, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून हा कागद. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळीं समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावें लागे. तुम्हांला तें नको. जाऊन या, पण दगदग करूं नका.” घरानें आनंदानें दिलेली रजा ही शिदोरींतली सर्वांत मोठी वस्तु होय, ती नसेल तर रोमलाही मन स्वयंपाकघरांतच राहतें.

आतां मार्ग. बार्सिलोना येथें दोन रात्री. तेथून आगबोटीनें मार्सेय, जिनोआ व नेपल्स हीं बंदरें करीत पांच रात्रींनीं चिव्हितावेक्किया. आणि तेथें बोट सोडून आगगाडीनें रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस. स्पेन, फ्रान्स व इटली या तिन्ही देशांस मिळून शेंगेन नांवाचा एकच परवाना चालतो. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा त्यासोबत जोडावा लागतो. शिदोरीविषयीं एक सूचना महत्त्वाची आहे. दूध व दुधाचे पदार्थ बाहेरून त्या देशांत नेण्यास बंदी आहे. तेव्हां पेढे, खवा, साजूक तूप हीं घरींच ठेवावींत. आम्हीं चिवडा, मेतकूट आणि लिंबाचें लोणचें नेलें, आणि त्यानेंच निभावलें.

आगबोट चांगली कीं आगगाडी, असाही प्रश्न विचारण्यांत आला आहे. हल्लींच्या या सहलीच्या बोटी म्हणजे तरंगतें शहरच. हजारों उतारू, पांच-सात भोजनगृहें, नाटकगृह, पोहण्याचे तलाव आणि दवाखाना, असा सगळा थाट. पिशवी एकदांच उघडावयाची. आपण झोंपलों असतां गांव बदलतें. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यासारखें सुख नाहीं. समुद्रही मवाळ आहे. भरती-ओहोटी तर मुंबईच्या मानानें नांवालाच. परंतु बोटीच्या सुखाला घड्याळाचा दोरा बांधलेला असतो. सकाळीं आठला धक्क्याला लागावें, सायंकाळीं पांच-साडेपांचपर्यंत परत यावें. जो उशीर करील त्याच्यासाठीं बोट खोळंबत नाहीं. शिवाय ‘रोम’ म्हणून जेथें उतरवितात तें चिव्हितावेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर आहे, आणि ‘फ्लॉरेन्स’ म्हणून जेथें बोटी लागतात तें लिव्होर्नो. उलट आगगाडी माणसाला गांवाच्या पोटांत नेऊन सोडते. पिशव्या मात्र आपण उचलावयाच्या, आणि प्रादेशिक गाडीचें कागदी तिकीट फलाटावरील यंत्रांत घालून त्यावर शिक्का उमटवावयाचा. तें न केल्यास दंड होतो. आमचें मत असें कीं, अर्धा प्रवास बोटीनें व अर्धा गाडीनें केल्यास दोहोंचे गुण पदरांत पडतात.

बार्सिलोना येथें सर्वांत प्रेक्षणीय तें साग्रादा फामिलिया हें ख्रिस्ती मंदिर. त्याचा पाया १८८२ सालीं घातला गेला. पुढच्याच वर्षीं तें काम आंतोनी गाउडी या स्थपतीकडे आलें व त्यानें उरलेलें सारें आयुष्य त्यालाच वाहिलें. आंत शिरल्यावर खांब वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले दिसतात, आणि रंगीत काचांतून येणारें ऊन सकाळीं एका बाजूनें निळें-हिरवें तर सायंकाळीं दुसऱ्या बाजूनें तांबूस होतें. १९२६ च्या जून महिन्यांत ट्रॅमचा धक्का लागून गाउडी पडला. अंगावरील जुन्या कपड्यांमुळें लोकांनीं त्यास भिकारी समजून ओळखलें नाहीं, व तीन दिवसांनीं त्याचें देहावसान झालें. त्याला त्याच मंदिराच्या तळघरांत पुरलें आहे. आपल्या हातून पुरें होणार नाहीं हें ठाऊक असतांही माणूस चाळीसांहून अधिक वर्षें एकच काम करीत राहतो, हें पाहून मन नम्र होतें. या शहरांत खिसेकापूही निष्णात आहेत. पाकीट आंतल्या खिशांत असावें.

मार्सेय हें ग्रीक लोकांनीं ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास वसविलेलें बंदर. टेंकडीवरील नोत्र दाम द ला गार्द या मंदिरापासून जुनें बंदर, बेटें आणि उघडा समुद्र एका दृष्टिक्षेपांत येतात. मराठी माणसाला येथें दुसरी एक गोष्ट आठवल्याविना राहत नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं ‘मोरिया’ बोटीवरून सावरकरांनीं उडी घेतली ती याच बंदरांत. ते पोहत किनाऱ्याला लागले, पण फ्रेंच पहारेकऱ्यानें त्यांस पुनः इंग्रजांच्या हवालीं केलें. पुढें हेगच्या लवादानें १९११ च्या फेब्रुवारींत, त्यांस फ्रान्सकडे परत देण्यास इंग्लंड बांधलेलें नाहीं, असा निकाल दिला. शाळेंत असतांना आम्हीं ती उडी मनांत रंगविली होती. धक्क्यावरून खालचें पाणी पाहिलें तेव्हां तिची उंची कळली.

दुसऱ्या दिवशीं जिनोआ. येथें बोटीचा धक्का व प्रिन्चिपे स्टेशन हीं हांकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळें टॅक्सीची यातायात नाहीं. जुन्या गांवांतील गल्ल्या इतक्या अरुंद कीं पुण्याच्या बोळांची आठवण व्हावी, आणि त्याच गल्ल्यांतून एकाएकीं राजवाड्यासारखे श्रीमंतांचे वाडे उभे राहतात. जोसेफ मॅझिनीचा जन्म १८०५ सालीं ज्या घरांत झाला, तेथें आतां संग्रहालय आहे. ज्या मॅझिनीचें आत्मचरित्र १९०७ सालीं मराठींत छापलें गेलें आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें लपवून वाचलें, त्याचें घर असें साध्या गल्लींत पाहून नवल वाटतें.

जिनोआनें आमच्या पोटाचाही प्रश्न सोडविला. तेथें ‘फारिनाता’ म्हणून एक पदार्थ मिळतो: हरभऱ्याचें पीठ, पाणी, मीठ व ऑलिव्हचें तेल एकत्र कालवून मोठ्या तांब्याच्या परातींत भट्टींत भाजतात. सौभाग्यवतींनीं पहिला घांस घेऊन निर्णय दिला, “अहो, हें तर आपलें बेसनाचें धिरडें; फक्त उलटलेलें नाहीं!” शाकाहारी वाचकांसाठीं येथेंच सांगून टाकतों. पार्मेसान चीज विरजण्यासाठीं वासराच्या पोटांतील द्रव्य वापरतात; भाज्यांचें म्हणून जें सूप येतें त्यांत मांसाचा रस असूं शकतो; तेव्हां दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्या. नेपल्सचा ‘मारिनारा’ पिझ्झा मात्र टोमॅटो, लसूण व तेल यांचाच असतो, त्यांत चीज मुळींच नसतें.

नेपल्स येथें सकाळीं छोट्या स्थानिक गाडीनें पाँपेईस गेलों. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस फुटून हें नगर राखेखालीं गडप झालें, हें सर्वांनीं वाचलेलें असतें. पण रस्त्यांत गाड्यांच्या चाकांनीं पडलेल्या चाकोऱ्या, भटारखान्यांतलीं दगडी जातीं, आणि दुकानाच्या ओट्यांत बसविलेले रांजण पाहिले म्हणजे तें वाचलेलें खरें होतें. दुपारीं नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयांत आलों. (हें संग्रहालय मंगळवारीं बंद असतें.) तेथें पाहण्याची एक वस्तु आम्हीं घरूनच टिपून नेली होती. १९३८ सालीं पाँपेईच्या एका घरांत वीतभराहून थोडी उंच अशी हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती निःसंशय हिंदुस्थानांत घडलेली आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हणत. आतां विद्वान् तिला यक्षी मानतात. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ति आपल्या तेर व भोकरदन या गांवीं सांपडल्या आहेत, आणि म्हणून ती सातवाहनांच्या मुलखांतून येथें आली असावी असा तर्क आहे. पायांत घोट्यांपासून वर चढत गेलेले वाळे, हातभर बांगड्या, कंबरेला मेखला. आपल्याकडील कोणा कारागिरानें कोरलेली ही बाई व्यापाऱ्यांच्या गांठोड्यांतून हाच समुद्र ओलांडून आली, आणि ज्वालामुखीच्या राखेंत साडेअठराशें वर्षें निजली! समुद्रोल्लंघन आपल्याला नवें, असें आम्ही समजत होतों. तिच्यापुढें तें बोलण्याची सोय राहिली नाहीं.

रोमविषयीं लिहावयास एक अंक पुरणार नाहीं. त्यांतल्या त्यांत पँथिऑनचें सांगतों. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं, हेड्रियन बादशहाच्या काळीं, लोखंडाची कांबही न घालतां ओतलेला हा घुमट. त्याचा व्यास त्रेचाळीस मीटरांहून किंचित् अधिक, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर वाटोळें उघडें छिद्र आहे. तेथून ऊन येतें, पाऊसही येतो, व तो वाहून जाण्यासाठीं फरशीला भोंकें ठेवलीं आहेत. रस्त्यांत जागोजागीं पिण्याच्या पाण्याच्या तोट्या अखंड वाहत असतात. बाटली भरून घ्यावी, पाणी विकत घेऊं नये.

फ्लॉरेन्स येथें मात्र आमच्या दोघांत पेंच पडला. हातांत पुरता दिवस एकच. सकाळीं उफीत्सी चित्रसंग्रहालय ठरलेलें; दुपारीं ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत उभारलेल्या घुमटावर ४६३ पायऱ्या चढून जावें, असा आमचा बेत. सौभाग्यवतींचें माहेर कोल्हापूरचें. त्यांना जावयाचें होतें तें गांवाच्या पश्चिम टोंकाला, कास्चीने उद्यानाच्या अखेरीस, जेथें छत्रपति राजाराम महाराजांची छत्री आहे तेथें. दोन्ही होणें शक्य नव्हतें. घरीं असा पेंच पडला म्हणजे मातोश्रींकडे नजर जाते, बंधूंचें मत घेतात, आणि शेवटीं कोणी ठरविलें हें कोणालाच सांगतां येत नाहीं. येथें विचारावयास तिसरें माणूस नव्हतें. आम्हीं म्हटलें, “अग, तो घुमट जगांत एकच आहे.” त्या म्हणाल्या, “घुमट खालूनही दिसतो. आणि तो पाहायला रोज हजारों माणसें येतात. त्या मुलाकडे आपल्याकडचें कोण जातें?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घुमट खालून पाहिला आणि ट्रॅम धरली.

राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. परतीच्या वाटेवर प्रकृति बिघडून ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें ते निवर्तले. वय अवघें वीस. त्या काळीं इटलींत दहनाची चाल नव्हती. नगरपालिकेची खास अनुज्ञा घेऊन, आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांस अग्नि देण्यांत आला. संगम कां, हें आपणांस सांगावयास नको. १८७४ सालीं त्या जागीं छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची, ज्यांनीं पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा आंखला; आणि आंतील अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. फेटा बांधलेला तो तरुण चेहरा रंगांनीं रंगविलेला आहे. जवळूनच मोठ्या तारांनीं तोललेला एक पूल आर्नो ओलांडतो. तो १९७८ सालचा, आणि त्याचें नांव ‘भारतीयाचा पूल’.

ट्रॅममधून उतरून झाडींतून चाळीस मिनिटें चालल्यावर आम्ही तेथें पोंचलों तेव्हां कोणी नव्हतें. दोन मुलें सायकली फिरवीत होतीं. सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या व मग बांकावर बसून म्हणाल्या, “वीस वर्षांचा हो. याच्या घरीं ही बातमी कशी पोंचली असेल?” आमचा मुलगा सहा वर्षांपूर्वीं शिकावयास परदेशीं गेला तो तेथेंच नोकरीला लागला आहे. तो परत येणार कीं नाहीं, या प्रश्नावर आम्ही दोघें घरांत कधींही सलग चार वाक्यें बोललों नव्हतों. मातोश्री ऐकतील, धाकट्यांना वाईट वाटेल, जेवणाची वेळ झाली, पाहुणे आले. विषय राहून जाई. त्या बांकावर तो निघाला. त्यांना भीति वाटे ती तो न येण्याची नव्हे. आपण त्याला ‘ये’ म्हणत नाहीं याचा अर्थ तो ‘नकोस’ असा घेत असेल, याची. आम्हांला वाटे कीं ‘ये’ म्हणणें म्हणजे त्याच्या पायांत बेडी घालणें. तास-दीड तास बोललों. ठरलें तें इतकेंच कीं, त्याला बोलवावयाचेंही नाहीं व अडवावयाचेंही नाहीं. परंतु घर त्याचें आहे, खोली त्याची आहे, आणि निर्णय त्याचा आहे, हें दोघांनीं मिळून त्याच्याशीं स्पष्ट बोलावयाचें. आणि मातोश्रींना हें इतरांकडून नव्हे, आमच्या तोंडून कळलें पाहिजे. घुमटावर चढलों असतों तर दृश्य अपूर्व दिसलें असतें यांत शंका नाहीं. पण हें बोलणें तेथें झालें नसतें.

व्हेनिसला गाडीनेंच जावें असा आमचा आग्रह आहे. १८४६ सालीं बांधलेल्या लांब पुलावरून गाडी पाण्यावरून धांवते, आणि सांता लुचीया स्टेशनाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवतांच समोर रस्ता नसून कालवा असतो. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींस सान मार्को चौकासमोरून जाण्यास मनाई आहे. त्यांच्या हेलकाव्यांनीं व गर्दीनें जुन्या शहरास अपाय होतो, असें तेथल्या लोकांचें फार दिवसांचें गाऱ्हाणें होतें. जुन्या बेटांवर आतां पन्नास हजारांहूनही कमी रहिवासी उरले आहेत, आणि दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून २०२४ सालापासून कांहीं ठराविक दिवशीं प्रवेशकर घेतला जातो. जो रात्रीं मुक्काम करतो त्याला तो द्यावा लागत नाहीं, आणि त्यालाच खरें व्हेनिस दिसतें. सायंकाळीं दिवसाचे पाहुणे निघून गेले म्हणजे खिडक्यांतून भांड्यांचे आवाज येतात, म्हाताऱ्या बायका पुलाच्या कठड्याशीं बोलत उभ्या राहतात, आणि गांव पुनः गांव होतें. प्रवासांत ‘आठ तासांत काय पाहिलें’ यापेक्षां ‘कोठें एक रात्र राहिलों’ याचा हिशेब अधिक खरा ठरतो.

खर्चाविषयीं विचारणाऱ्यांस सांगावयाचें तें हें कीं, मे व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत उन्हाळ्यांतील गर्दी व चढे भाव टळतात. बोटीच्या भाड्यांत दर माणशीं दर दिवशींचा सेवाआकार बहुधा धरलेला नसतो, तो आधींच विचारावा. आणि उफीत्सीसारख्या ठिकाणचीं तिकिटें घरूनच काढून ठेवावीं, सोमवार तेवढा वगळून. परंतु पैशांपूर्वीं दुसऱ्या एका गोष्टीची तरतूद घराघरांतून झाली पाहिजे. ज्या घरांत चार-सहा माणसें एकमेकांस धरून राहतात, तेथें प्रत्येक दांपत्याला केव्हां तरी एकांताची रजा मिळाली पाहिजे. ती परदेशचीच हवी असें नाहीं, गणपतिपुळ्याची चार दिवसांची असली तरी चालेल. ही रजा मागून घ्यावी लागूं नये, वडिलांनीं आपण होऊन द्यावी. आणि गुडघे शाबूत आहेत तोंवर द्यावी. आमच्या घरीं कामांच्या वांटणीचा तो कागद फाडलेला नाहीं. त्यावरील नांवें बदललीं आहेत. येत्या मे महिन्यांत धाकटे बंधु व त्यांच्या सौभाग्यवती निघतील, आणि औषधांची वेळ सांभाळण्याची पाळी आमची आहे.

पुढील महिन्यांत याच पानांतून, भोकरदन व तेर या दोन गांवांची सफर.